दिवेवाल्या बाईची हिशेबवही

१९७६ साली नर्सिंग स्कूलमध्ये आमचा कॅपिंगचा समारंभ झाला, ती संध्याकाळ मला आजही लख्ख आठवते. कडक इस्त्रीची पांढरी टोपी, ती डोक्यावर टिकावी म्हणून खोचलेल्या पिना, हातात पेटता दिवा आणि समोर दुसऱ्या रांगेत बसलेले आई-अण्णा. सकाळच्या एसटीने आलेली आई सारखी डोळ्यांना पदर लावत होती. आम्ही सगळ्या मुलींनी एका सुरात शपथ घेतली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची शपथ. ती तिनं स्वतः लिहिलेली नाही, १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला इतरांनी तिच्या सन्मानार्थ तयार केली, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्या संध्याकाळी मात्र वाटलं होतं, जणू तीच समोर उभी राहून आमच्याकडून वदवून घेतेय.

तिची गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. शाळेच्या पुस्तकात असायचीच. युद्धातल्या जखमी सैनिकांजवळ रात्री दिवा घेऊन फिरणारी दयाळू बाई. दर १२ मेला, म्हणजे तिच्या जन्मदिवशी, परिचारिका दिन साजरा होतो. त्या दिवशी मीही वर्षानुवर्षं तेच भाषण केलं. सेवा, त्याग, माया. टाळ्या व्हायच्या, चहा-समोसा व्हायचा आणि आम्ही ड्युटीवर परत.

याच बाईनं सुइणींसाठी एक शाळा काढली होती आणि ती स्वतःच्या हातानं बंद केली होती, हे मात्र आम्हाला कुणी शिकवलं नाही. मला ते कळलं तेव्हा माझी नोकरी वीस वर्षांची झाली होती आणि त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये गेली होती. कळायला कारणही तसंच घडलं. ते आधी सांगते, म्हणजे मी ही जुनी गोष्ट आज का सांगतेय ते लक्षात येईल.

आमच्याकडे पहिलटकरीण आली की तिला कट द्यायचा, हा नियमच होता. बाळाचं डोकं बाहेर येण्याच्या वेळी मायांगाच्या तोंडाशी कात्रीनं छेद द्यायचा आणि नंतर टाके घालायचे. जागा आपोआप वेडीवाकडी फाटण्यापेक्षा सरळ कापलेली बरी, लवकर भरून येते, पुढे अंग बाहेर येण्याचा त्रास होत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. मीही माझ्या हाताखालच्या मुलींना तसंच शिकवत होते. कशावरून, असं मी कधी विचारलं नाही आणि मलाही कुणी विचारलं नाही.

एकदा वीटभट्टीवर काम करणारी एक कोवळी पोर बाळंत झाली. मीच कट दिला. खरं तर बाळ लहानखुरं होतं, डोकं सावकाश येत होतं. पण नियम म्हणजे नियम. पाचव्या दिवशी तिचे टाके पिकले. तिला बसता येईना. कुशीवर पडून ती बाळाला पाजायची आणि पाजताना दात-ओठ आवळून धरायची. घरी जाताना वडापच्या जीपमध्ये ती अर्धवट उभी राहिली होती, ते मी दारातून पाहिलं. निघण्याआधी तिच्या सासूनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं की पोरीला कापायची खरंच गरज होती का? मी चिडले. तुम्हाला यातलं काय कळतंय, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. त्या म्हाताऱ्या बाईनं मान खाली घातली आणि गाठोडं उचललं.

पुढे १९९८च्या सुमारास आमच्याकडे बदली होऊन एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या. सरसकट कट द्यायचा नाही, गरज असेल तरच, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. माझं डोकंच फिरलं. कालची मुलगी मला शिकवणार! त्यांनी वाद घातला नाही. १९८४ साली छापून आलेल्या एका संशोधनाची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात जेनिफर स्लीप नावाच्या एका मिडवाइफनं, म्हणजे आपल्यासारख्याच सुईणबाईनं, ते सहकाऱ्यांबरोबर केलं होतं. एक हजार बाळंतिणी. कोणती बाई कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं. एका गटात कट शक्यतो टाळायचा, दुसऱ्यात सढळ हातानं द्यायचा. पहिल्या गटात शंभरातल्या दहा जणींना कट द्यावा लागला, दुसऱ्यात एक्कावन्न जणींना दिला गेला. दहा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी विचारलं तर दुखण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. बाळांच्या तब्येतीतही फरक नाही. कट टाळलेल्या गटात मात्र काहीच इजा न झालेल्या बायका जास्त होत्या. सरसकट कापून मिळालं काय, तर काहीच नाही.

मी ते कागद दोनदा वाचले आणि ड्रॉवरमध्ये टाकले. पटत नव्हतं असं नाही. पटलं तर मागच्या वीस वर्षांचं काय करायचं, ते कळत नव्हतं.

त्याच महिन्यात १२ मे आला. या वेळी तरी जरा वेगळं भाषण करावं म्हणून स्कूलच्या ग्रंथालयात फ्लॉरेन्सचं एक जाडजूड चरित्र शोधून काढलं. रात्रपाळीत थोडं थोडं वाचत गेले आणि दिवा बाजूला राहून मला एक निराळीच बाई भेटली.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा. आई-वडील इटलीत फिरायला गेलेले असताना फ्लॉरेन्स शहरात ती जन्मली, म्हणून नाव फ्लॉरेन्स. घर गडगंज श्रीमंत. डर्बीशरला एक बंगला, हॅम्पशरला दुसरा. वडिलांना शिकवायची हौस. दोन्ही मुलींना त्यांनी स्वतः लॅटिन, ग्रीक, इतिहास शिकवला. धाकट्या फ्लॉरेन्सला गोडी लागली ती आकड्यांची. मुलीनं गणितात डोकं घालणं आईला पसंत नव्हतं. चांगल्या घरच्या मुलीनं पाहुण्यांची सरबराई करावी, पियानो वाजवावा आणि लग्न करावं. ही बाई मात्र पहाटे सगळे झोपलेले असताना उठायची आणि इस्पितळांचे, आरोग्याचे सरकारी अहवाल वाचून वह्या भरायची. दुसरी एखादी मुलगी चोरून कादंबऱ्या वाचेल, तशी ही चोरून आकडे वाचायची.

नर्स व्हायचं म्हटल्यावर घरात आकांत झाला. तेव्हा इंग्लंडात ते काम म्हणजे अडाणी, गरजू बायकांचं. आलेली स्थळं तिनं नाकारली. अखेर १८५१ साली जर्मनीतल्या कायझरवर्थला जाऊन तिनं काही महिने शिक्षण घेतलं आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरचं एक छोटं रुग्णालय चालवायला घेतलं.

१८५४ मध्ये क्रिमियाचं युद्ध पेटलेलं होतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती ३८ जणींना घेऊन तुर्कस्तानात स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. मैलभर लांब खाटांच्या रांगा, उवा, उंदीर, ना धड कपडे ना धड अन्न. या बायकांनी रात्रंदिवस घासलं, पुसलं, शिजवलं, भरवलं. दिव्याची गोष्ट इथली. आणि ती खरीच आहे.

पण आपल्याला शिकवलेल्या गोष्टीत एक गोष्ट गाळलेली असते. ही सगळी सेवा चालू असतानाच त्या हिवाळ्यात इस्पितळातलं मरण वाढतच गेलं. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरातले ४२ सैनिक दगावत होते. सैनिक आधीच उपाशी, थकलेले, उशिरा पोचलेले, म्हणून मरतात, असं तिला तेव्हा वाटत होतं. मार्चमध्ये सरकारनं स्वच्छतेची पाहणी करायला एक समिती पाठवली. तिच्यात डॉ. जॉन सदरलंड होते. त्यांना दिसलं, की ती भलीमोठी इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी आहे. त्यांनी गटारं धुवून काढली, पाण्याची व्यवस्था सुधारली, भिंतींना चुना मारला, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत मरणाचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं.

१८५६ मध्ये ती मायदेशी परतली ती देशाची लाडकी होऊन. दुसरी कुणी असती तर उरलेलं आयुष्य हारतुऱ्यांत काढलं असतं. हिनं काय केलं, तर मृत्यूंच्या नोंदी घेऊन विल्यम फार या माणसाकडे गेली. देशातल्या जन्ममृत्यूंची आकडेवारी सांभाळणारे हे गृहस्थ. दोघांनी मिळून एकेका महिन्याचे मृत्यू मांडले. सोळा हजारांवर सैनिक आजारानं गेले होते. लढाईत आणि जखमांनी गेलेले त्या मानानं फार थोडे. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा घाणीनं, गर्दीनं आणि कोंडलेल्या हवेनं माणसं जास्त मारली होती. त्यातली कितीतरी तिच्या डोळ्यांसमोर, तिच्याच वॉर्डात. तिच्या आयुष्याचे काही अभ्यासक सांगतात, की हे उमगल्यावर ती आतून हादरली. परतल्यावर ती जी आजारी पडली, ती पुढची अनेक वर्षं बहुतेक काळ खाटेवर किंवा कोचावर पडूनच काम करत राहिली.

मैत्रिणींनो, इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तिच्या जागी मी असते तर? मी तरी मनापासून केलं होतं ना, असं म्हणून मोकळी झाले असते. तिनं ते केलं नाही. तिनं त्या आकड्यांची चित्रं काढली. गोल फुलासारखी, बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. टाळता येण्यासारख्या आजारांनी झालेले मृत्यू निळे, जखमांनी झालेले लाल, बाकीचे काळे. आकड्यांचे तक्ते न वाचणाऱ्या मंत्र्यांनाही ती निळी पाकळी दिसली असती. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सभासद करून घेतलं. त्या संस्थेतली ती पहिली बाई. १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात तिच्या नावे जमलेल्या निधीतून नर्सिंगची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी सगळ्या इस्पितळांनी एकाच नमुन्याचे तक्ते भरावेत, अशी योजना तिनं जागतिक परिषदेपुढे मांडली. भारतात ती कधी आली नाही. पण खाटेवर पडल्या पडल्या इथल्या छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवून तिनं आपल्या देशातल्या पाण्याचा आणि गटारांचा अभ्यास केला.

आता सुइणींची गोष्ट. त्या काळी इंग्लंडच्या खेड्यांत गरीब बायकांची बाळंतपणं न शिकलेल्या सुइणी करत. आपल्याकडच्या दायांसारखंच. खेड्यातल्या बायकांना सहा महिने शिक्षण द्यावं आणि परत त्यांच्याच खेड्यात पाठवावं, अशी तिची कल्पना. तिच्या निधीतून १८६१ मध्ये लंडनच्याच किंग्ज कॉलेज इस्पितळात बाळंतिणींचा एक छोटा वॉर्ड उघडायचं ठरलं. देखरेखीला मेरी जोन्स ही फ्लॉरेन्सची विश्वासातली मैत्रीण, अतिशय शिस्तीची बाई. वॉर्ड स्वच्छ, नर्सेस चांगल्या, डॉक्टर नामांकित. सगळं मनासारखं.

आणि बाळंतिणी मरू लागल्या. सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतपणानंतरचा ताप. दोन-तीन दिवस बरी असलेली बाई अचानक थंडी वाजून तापानं फणफणायची, पोट फुगायचं आणि आठवड्याच्या आत सगळं संपायचं. तेव्हा सगळ्या युरोपातल्या प्रसूतिगृहांत हेच चालू होतं. त्यामुळे हे तर होतच असतं, असं म्हणायला भरपूर जागा होती. चांगल्या कामाला थोडं गालबोट लागायचंच, असंही म्हणता आलं असतं. शिकून गेलेल्या सुइणी खेड्यांत किती उपयोगी पडतील ते दाखवता आलं असतं.

तिनं हिशेब मागितला. त्या वॉर्डात हजार बाळंतपणांमागे सुमारे ३३ बायका दगावत होत्या. इंग्लंडात सगळीकडचा, बहुतांशी घरच्या बाळंतपणांचा आकडा होता हजारामागे सुमारे ५. म्हणजे ज्या गरीब बाईला आपण मदत म्हणून इस्पितळात बोलावलं, ती घरी राहिली असती तर जगण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. १८६७ च्या अखेरीला वॉर्ड बंद झाला. शाळाही त्याबरोबर गेली.

नुसतं बंद करून ती थांबली असती तरी मोठं होतं. पण आपल्याच वॉर्डाचं नशीब फुटकं की सगळीकडे असंच आहे, हे तिला हवं होतं. सदरलंडच्या मदतीनं तिनं ठिकठिकाणचे आकडे गोळा करायला घेतले. पॅरिसच्या ल फोर नावाच्या डॉक्टरांनी १८६६ मध्ये युरोपभरची आकडेवारी छापली होती, ती तिनं घेतली. इस्पितळातली जवळजवळ नऊ लाख बाळंतपणं आणि घरची नऊ लाखांहून थोडी जास्त. इस्पितळात हजारामागे ३४ मृत्यू, घरी पाचाहूनही कमी. १८७१ मध्ये तिनं यावर एक छोटं पुस्तक छापलं आणि ते सॉक्रेटिसच्या आईच्या स्मृतीला अर्पण केलं. का, तर ती सुईण होती!

या पुस्तकात ती जे करते, ते मला आमच्या कुठल्याही ट्यूटरनं शिकवलं नव्हतं. आधी ती आकड्यांवरच शंका घेते. कुठे फक्त तापाचे मृत्यू मोजलेत, कुठे सगळे. कुठे बाई आजारी पडल्यावर दुसऱ्या वॉर्डात हलवली आणि तिचं मरण तिकडच्या खात्यात गेलं. मग तुलना कशी करायची? ती म्हणते, आधी सगळ्यांनी एकसारखं मोजायला शिका. त्यानंतर ती खरा अवघड प्रश्न घेते. घरी कमी आणि इस्पितळात जास्त, हे तर दिसलं, पण इस्पितळात नेमकं काय घडतं? अडलेल्या बायका तिकडे येतात म्हणून का? की गरिबी? पण अगदी कंगाल बायकांच्या अनाथगृहवजा वर्कहाउसांमध्ये बऱ्याच ठिकाणी नामांकित प्रसूतिगृहांपेक्षा कमी मृत्यू होत होते. गरिबीचं कारण तिथेच पडलं. मग राहिलं काय? एका खोलीत अनेक बाळंतिणी, एक गेली की लगेच दुसरी त्याच खाटेवर, शेजारी इतर आजारांचे रुग्ण आणि शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासायला येणारे वैद्यकीय विद्यार्थी. यावरून तिनं उपाय सुचवला. बाळंतिणींची जागा मोठ्या इस्पितळापासून दूर हवी. लहान, सुट्या, घरासारख्या इमारती हव्यात. विद्यार्थी नकोत. सुइणींचं शिक्षण तिथे आणि चांगलं दीर्घ हवं. तिच्या मनातली ती वसाहत पैशाअभावी कधी उभी राहिली नाही.

आता गंमत अशी, की ताप कशानं येतो याबद्दलची तिची समजूत बरीचशी चुकीची होती. जंतूंवर तिचा तेव्हा विश्वास नव्हता. घाणीतून आणि गर्दीतून हवा दूषित होते, तिनं आजार होतो, असं ती मानायची. खरं म्हणजे तिच्या कितीतरी आधी, १८४७ मध्ये, व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस या डॉक्टरांनी दाखवलं होतं, की शवविच्छेदनाहून आलेल्या हातांनीच हा रोग बाळंतिणीपर्यंत जातो. तिथे दोन विभाग होते, एक डॉक्टरांचा, एक सुइणींचा. सुइणींच्या विभागात मृत्यू कितीतरी कमी. डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावल्यावर त्यांच्याकडचे मृत्यूही झपाट्यानं खाली आले. पण बड्या मंडळींनी ते मानलं नाही आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. हात धुणं सगळीकडे रुळायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

फ्लॉरेन्सला कारण पूर्ण कळलं नव्हतं, पण मोजणी खरी होती आणि त्या मोजणीवर ती वागली. कारण सापडेपर्यंत बायका मरू देत, असं ती म्हणाली नाही. आयुष्याच्या पुढच्या काळात तिनं जंतूंचं शास्त्रही मान्य केलं. १३ ऑगस्ट १९१० ला, नव्वदाव्या वर्षी ती गेली. त्याआधी, १९०२ मध्ये, इंग्लंडात सुइणींच्या शिक्षणाचा आणि नोंदणीचा कायदा झाला होता.

त्या वर्षीच्या १२ मेला मी दिव्याबद्दल बोललेच नाही. शाळा बंद करणाऱ्या बाईबद्दल बोलले. खाली मुली जरा गोंधळल्या होत्या. डॉक्टर मॅडम मात्र माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमधले कागद मी बाहेर काढले आणि मॅडमकडे जाऊन म्हटलं, की आपण आपल्याकडेही मोजून बघू या. लेबर रूमच्या रजिस्टरला आम्ही पट्टीनं जादा रकाने आखले. कट दिला की नाही, दिला तर कशासाठी, आपोआप किती फाटलं, टाके किती, आणि पाचव्या दिवशी जागा कशी आहे. पहिले काही दिवस हात कात्रीकडे आपोआप जायचा. मग हळूहळू हात शिकले. डोकं दिसू लागलं की घाई करायची नाही. बाईला जोर थांबवून तोंडानं फुंकर घालायला सांगायची. कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्यानं शेक द्यायचा. डोकं हातानं आधार देत सावकाश येऊ द्यायचं. या शेकानं मोठ्या जखमा कमी होतात, हे पुढे संशोधनातही दिसून आलं. तीन महिन्यांनी आम्ही बेरजा केल्या. टाके घातलेल्या बायका निम्म्याहून कमी झाल्या होत्या आणि आम्हाला ज्याची भीती होती, ती मोठी फाटाफूट वाढली नव्हती. आमचं रजिस्टर म्हणजे काही संशोधन नव्हे. पण दूरदेशीचा तो कागद आमच्या लेबर रूममध्येही खरा ठरतोय, एवढं आम्हाला त्यातून समजलं. एनिमा देणं, दाढीच्या ब्लेडनं केस काढणं, हेही सरसकट करायची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ मध्येच सांगितलं होतं. तेही आमच्याकडून यथावकाश गेलं.

कट वाईटच, असा मात्र याचा अर्थ नाही. बाळाचे ठोके पडत असतील, चिमटा लावायचा असेल, तर तो द्यावाच लागतो. गरज असलेल्या बाईला द्यायचा आणि नसलेल्या बाईला द्यायचा नाही, एवढंच शिकायला मला वीस वर्षं लागली.

आणखी एक सांगायला हवं, कारण ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, बघा, घरचंच बाळंतपण बरं. तसं नाही. फ्लॉरेन्सचा आकडा १८६० च्या दशकातल्या इस्पितळाचा आहे. तेव्हा इस्पितळ बाईला तापाखेरीज फारसं काही देऊ शकत नव्हतं. आज रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन आहे, रक्त आहे, ऑपरेशन आहे, प्रतिजैविकं आहेत. आज आपल्याकडे बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं. आकडा वाचताना तो कुठला, कधीचा आणि कुणाचा, हे विचारायचं असतं. हे सुद्धा मी तिच्याकडूनच शिकले. तिच्या वॉर्डात हजार बाळंतपणांमागे ३३ बायका जात होत्या. २०१८ ते २०२० च्या सरकारी पाहणीत आपल्या महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. शंभरपट फरक. तरीही त्या ३३ जणींची नावं होती आणि त्यांतल्या बऱ्याच वाचवता आल्या असत्या.

मी २०१६ मध्ये निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं ट्यूटर होते. नवीन बॅचला पहिल्या दिवशी मी दिवा दाखवायची नाही, रजिस्टर दाखवायची. प्रत्येक मुलीला एक प्रश्न शोधून आणायला सांगायची. आपण रोज करतो त्यातली एक गोष्ट निवडा आणि ती का करतो, कशावरून, ते शोधून या. बऱ्याच मुली हात हलवत परत यायच्या. सगळे करतात म्हणून करतो, याखेरीज उत्तर सापडलेलं नसायचं. तिथून आमचा अभ्यास सुरू व्हायचा.

त्या वीटभट्टीवरच्या मुलीचा पत्ता मला पुढे कधी लागला नाही. तिचं ते बाळही आता चांगलं मोठं झालं असेल. सासूबाई तर बहुधा नसतीलच. त्यांनी मला त्या दिवशी विचारला, तो कशावरून हाच प्रश्न होता. मी त्यांच्यावर खेकसायला नको होतं. उत्तर माहीत नाही, शोधून सांगते, एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं.